मेजर समशेर आणि घडीवरच्या बायका

आमच्या छापखान्यात गोष्ट चांगली की वाईट हे डोळ्यांनी ठरत नसे, हातांनी ठरत असे. हे सांगितलं की लोक हसतात. खुशाल हसा. याच रीतीने आम्ही तेरा वर्षं दर महिन्याला एक साहसकथा छापली, आणि ती अंबरनाथच्या कारखान्यांच्या गेटवर, बदलापूरच्या सलूनमध्ये आणि स्टेशनाबाहेरच्या पेपरवाल्यांकडे हातोहात खपली. यंदा एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "जुन्या साहसकथांवर लिहा. संशोधन नको, तुमचं काम सांगा," म्हणाले. संशोधन मला येतही नाही. काम मात्र मी मन लावून केलं. त्यातलं एक काम मी चुकीचं केलं, आणि ते कळायला मला चाळीस वर्षं लागली.

छापखाना उल्हासनगरला, कॅम्प नंबर तीनच्या एका गल्लीत होता. आता त्या जागी जीन्स शिवतात. मालक किशनचंद शेठ लहानपणी सिंधमधून आलेले. त्यांचं लिहिणं-वाचणं सगळं सिंधीत, उजवीकडून डावीकडे. मराठी बोलायला अर्धंमुर्धं, वाचायला शून्य. तरी ते मराठी मासिक काढत. मासिकाचं नाव 'शूरकथा'. एकदा मी धीर करून विचारलं होतं, "शेठ, तुम्हाला वाचता येत नाही ते छापता कशाला?"

"साईं, बिस्कुट बनानेवाला खुद सब बिस्कुट खाता है क्या?" शेठ म्हणाले. 

आता हा धंदा कसा चालायचा ते सांगते. मासिकाच्या प्रत्येक अंकात एकच मोठी गोष्ट. नायक कॅप्टन इंद्रसेन; नौदल सोडलेला, अविवाहित, कायम कुठल्या तरी बेटावर नाहीतर कड्याला लटकलेला. लेखकाचं नाव मेजर समशेर. या नावाचा माणूस जगात नव्हता. ते नाव शेठच्या मालकीचं होतं, जशी यंत्रं त्यांच्या मालकीची होती. त्या नावाखाली वेळोवेळी तीन-चार जण लिहीत. कुणाला कुणाचा पत्ता नसे.

पानं शहाण्णव. पंच्याण्णव नाही, सत्त्याण्णव नाही. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापली जातात, त्याला फॉर्म म्हणतात. त्या कागदाला तीन घड्या घातल्या की सोळा पानांची चोपडी होते. असे सहा फॉर्म म्हणजे एक अंक. गोष्ट चार ओळी जास्त झाली तरी त्या चार ओळींसाठी सातवा फॉर्म लावता येत नाही. मग कॅप्टन इंद्रसेन कितीही संकटात असो, कात्री लावायची. कमी पडली तर केसांच्या तेलाची जाहिरात.

माझं काम प्रुफं तपासण्याचं. पण पगार खरा मिळायचा तो वाचण्याचा. आमच्याकडे घडीवर चार बायका होत्या. सतरंजीवर बसून त्या दिवसभर फॉर्मला घड्या घालत. बांबूची गुळगुळीत पट्टी घडीवरून सर्रकन फिरवायची, चोपडी डावीकडे टाकायची, पुढचा कागद ओढायचा. नवी गोष्ट आली की मी स्टुलावर बसून ती त्यांना मोठ्याने वाचून दाखवायची. प्रत्येक पान संपलं की मान वर करून त्यांच्या हातांकडे बघायचं. पट्ट्या चालू असल्या तर पुढे जायचं. थांबल्या असल्या तर त्या जागी तांबड्या पेन्सिलीने समासात गोल करायचा. संध्याकाळी शेठ विचारत, "मास्तरीणबाई, हाथ रुके?" मी गोल दाखवायची. सलग पाच-सहा पानं गोल नसला की ती पानं गेली म्हणून समजा.

काम थांबलं तर मालकाचा जीव वर-खाली व्हायला हवा. आमचे शेठ खूश व्हायचे. "जिधर काम रुकता है उधर माल बिकता है," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि माणूस चुकत नव्हता. ज्या अंकात गोल जास्त, तो अंक पहिल्या आठवड्यात संपायचा. आता माझी सून मोबाइलवर अंगठ्याने काय काय सरकवत असते, तेव्हा मी तिचा अंगठा कुठे थांबतो ते बघते. सवय. लग्नात, व्याख्यानात, कीर्तनात, कुठेही मी लोकांचे चेहरे बघत नाही, हात बघते. चेहरा शिकवलेला असतो.

चौघींमधली हिराबाई ही आमची खरी संपादक. बदलापूरच्या पलीकडच्या एका गावातली, भाताची थोडी शेती, नवरा आनंदनगरच्या एमआयडीसीत. अक्षर ओळखत नव्हती. पण कान असा, की दोन महिन्यांपूर्वी कॅप्टनने पिस्तूल समुद्रात फेकलं होतं हे तिला आठवायचं आणि मेजर समशेरना आठवायचं नाही.

एक किस्सा सांगते. आमची मुखपृष्ठं रंगीत, ती मुंबईला छापून यायची. स्वस्त पडावं म्हणून शेठ चार महिन्यांची एकदम छापून घेत. म्हणजे चित्र आधी, गोष्ट मागाहून. लेखकाला चित्र पाठवायचं आणि त्याने गोष्टीत तो प्रसंग कुठेतरी बसवायचा. एकदा चित्रात आली मगर, कॅप्टनचा बूट जबड्यात धरलेली. आणि लेखक महाशयांनी गोष्ट आधीच हिमालयात नेऊन ठेवलेली. त्यांनी सरळ बर्फात मगर आणली. मी वाचलं. चार पट्ट्या थांबल्या. मी आनंदाने गोल करणार, तोच हिराबाई म्हणाली, "ताई, ती मगर थंडीनं मरत नाय का वो?"

हात थांबले होते ते शंकेने. मी तसा निरोप लेखकाला धाडला. दोन दिवसांत गोष्ट परत आली, त्यात गरम पाण्याचं कुंड होतं आणि मगर त्या कुंडात सुखाने राहत होती. हिराबाईला पटलं. वाचकांपैकी कुणाची तक्रार आली नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं की हात नुसते थांबले, एवढ्यावर जाऊ नये. का थांबले ते विचारावं. पण मी तिशीच्या आतली, आणि माझ्या हातात तांबडी पेन्सिल होती. शहाणपणा त्या वयात नको तिथे असतो.

तर, मगरीचे लेखक म्हणजे टिपणीस साहेब. अंबरनाथच्या एका मोठ्या कारखान्यात स्टोअर्स ऑफिसर. उंच, इस्त्रीचा शर्ट, बोलणं कमी. मेजर समशेर म्हणून लिहिणाऱ्यांत सगळ्यात चांगलं हेच लिहीत. कारखान्यातल्या रद्द झालेल्या चिठ्ठ्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहायचे. एका बाजूला 'कॉस्टिक सोडा, ड्रम सहा', उलटून बघावं तर कॅप्टन इंद्रसेन शार्कच्या पाठीवर. एकच प्रत, कार्बन नाही. ऑफिसात कुणालाही ठाऊक नव्हतं. घरीही फक्त आईला ठाऊक. कोकणात राहायची, तिला अंक पोस्टाने जायचा.

लेखकांची खरी नावं फुटतील याची शेठना धास्ती असे. वाचक छापखान्यात यायचे, मेजरसाहेबांना बघायला. एक कामगार तर नारळ घेऊन आला होता. शेठनी कटिंग मशीनवरच्या पांडूला पुढे केलं, कारण त्याच्या मिशा भरघोस. पांडू नारळ घेऊन गंभीरपणे म्हणाला, "हिमालयात थंडी लय असते." कामगार धन्य होऊन गेला. टिपणीस साहेब तेव्हा दोन हात अंतरावर बसून प्रुफं बघत होते. त्यांनी मान वर केली, हसले आणि परत खाली बघू लागले. मला त्यांचं वाईट वाटलं होतं, ते मी त्यांना बोलले नाही.

त्यांची आई गेली त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांनी जी गोष्ट आणून दिली, तिच्याबद्दल मला सांगायचं आहे.

गोष्ट नेहमीचीच. बुडालेलं जहाज, नकाशा, दुष्ट टोळी. मधेच सहा पानांचं एक प्रकरण होतं. कॅप्टन इंद्रसेन नऊ वर्षांनी आपल्या गावी येतो. किनाऱ्यावरचं घर. टोळीची माणसं आधीच येऊन ओसरीवर बसलेली असतात, कॅप्टनची वाट बघत. पण त्यांनी त्याचा चेहरा कधी पाहिलेला नसतो. म्हातारी आई दारात फाटलं जाळं सांधत बसलेली. कॅप्टन समोर येऊन उभा राहतो. ती त्याला ओळखते. ओळखलं असं दाखवलं तर तो मेला. ती मान वर न करता सांगते, "परक्या माणसाला आम्ही दारात उभं करत नाही. पाणी पी आणि चालू लाग." तो पाणी पितो आणि जातो. ती जाळं सांधत राहते. प्रकरण संपलं. गोळी नाही, पाठलाग नाही.

मी ते वाचलं. प्रत्येक पानाला मान वर करून बघितलं. चारही पट्ट्या चालू. उलट नेहमीपेक्षा जोरात चालू. बायका माना खाली घालून घड्यांवर घड्या घालत होत्या. कुणी 'हं' नाही, 'अगं बाई' नाही. सहा पानांत एक गोल नाही.

आणि गोष्ट पाच पानांनी जास्त होती.

संध्याकाळी शेठनी विचारलं, "हाथ रुके?"

"नाही," मी म्हणाले.

एवढंच बोलले. नंतरची कात्री मीच लावली, पुढच्या प्रकरणाच्या तोंडाला दोन ओळींचा सांधा मीच जोडला. आपल्या गोष्टीची प्रुफं एरवी टिपणीस साहेब स्वतःही बघायचे, त्या महिन्यात ते आईच्या मागे उरलेल्या कामांसाठी कोकणात होते. कापलेली पानं गेली यंत्राचे शाईचे रूळ पुसायला. छापखान्यात कागद वाया जात नाही.

ते परत आले तेव्हा अंक बाजारात होता. दारातच त्यांनी उलटून बघितला. मग शेठच्या टेबलापाशी येऊन शांतपणे म्हणाले, "एक भाग दिसत नाही."

"साईं, हाथ नहीं रुके," शेठ म्हणाले.

मी दोन पावलांवर उभी होते. त्यांनी घडीच्या बायकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही. "बरं," म्हणाले. ठरलेली एक गोष्ट त्यांनी आणून दिली आणि मग कळवलं की ऑफिसात काम वाढलं आहे. पुन्हा ते आले नाहीत. कॅप्टन इंद्रसेनला दुसऱ्या मेजर समशेरने पुढची तीन वर्षं कड्यांना लटकवलं. मग घरोघरी टीव्ही आले आणि शेठनी लग्नपत्रिका छापायला घेतल्या.

इतकी वर्षं माझी स्वतःशी समजूत अशी, की मी काम चोख केलं. माणूस नाराज झाला, त्याला इलाज नाही. लेखक मंडळी हळवीच.

संपादकांचा फोन आल्यावर मला हिराबाईची आठवण झाली. जुने तपशील तिच्याशिवाय कुणाला माहीत असणार? गावात विचारत विचारत गेले. आता तिच्या शेताच्या कडेला टॉवर उभे राहिलेत, तिचं घर मात्र आहे. सत्तरीची झाली आहे, दात नाहीत, कान शाबूत. मला बघून म्हणाली, "वाचणारी ताई! आज काय आणलंय वाचाया?"

गप्पा निघाल्या. मगर आठवून ती डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मी विचारलं, "हिराबाई, सगळ्यात आवडलेली गोष्ट कुठली गं?"

"ती जाळ्यावाली," ती लगेच म्हणाली.

"कुठली जाळ्यावाली?"

"ती बाय नाय का, जालं सांधीत बसलेली. पोरगा येतो नि ती वलख देत नाय."

मी म्हटलं, "ती तर छापलीच नाही आपण. तुम्हा कुणाचे हात थांबले नव्हते."

 हिराबाई म्हणाली, "ताई, तुमी शिकलेल्या ना वो? ती बाय थांबली असती तं पोरगा मेला असता. मंग आमी कशा थांबणार?"

 मी परत विचारलं, चौघीही? चौघीही, ती म्हणाली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मान वर केली तर रडू फुटेल म्हणून प्रत्येकीने मान खाली घातली होती आणि हात चालू ठेवले होते. "त्या दिशी दुप्पट फारम झाले, शेटनं नाय बगितलं?" ती म्हणाली. शेठनी बघितलं नसेल. मी बघितलं होतं, जोरात चाललेले हात मी माझ्या डोळ्यांनी बघितले होते.

मला स्वतःचा राग आला. अजून आहे. एका माणसाच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं लिहिणं मी एका शब्दाने रूळ पुसायला पाठवलं, आणि चाळीस वर्षं त्याला चोख काम म्हणत आले.

कारखान्याच्या निवृत्तांच्या मंडळाकडून टिपणीस साहेबांचा पत्ता मिळाला. बदलापूरलाच असतात, मुलाकडे. पुढच्या आठवड्यात हिराबाईला शेअर रिक्षात घालून मी त्यांच्याकडे गेले. वय पंच्याऐंशी, उंची तेवढीच, इस्त्रीचा शर्ट तसाच. नजर अधू झाली आहे, वाचता येत नाही. जेवणाच्या टेबलाशी बसून ते बिरड्याचे वाल सोलत होते. पुढ्यात पाण्याची परात, त्यात मोड आलेले वाल, शेजारी पातेलं. "सूनबाई नको म्हणते," ते म्हणाले, "पण डोळ्यांचं काम नाही हे. बोटांना कळतं."

मी आडपडदा ठेवला नाही. बसल्या बसल्या सांगून टाकलं, "साहेब, तो भाग मी कापला. शेठनी नाही."

"ते मला माहीत होतं," साहेब म्हणाले. "शेठना मराठी कुठे वाचता येत होतं?"

"मग तुम्ही मला बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? हात थांबले नाहीत म्हणाले ते, आणि माझा त्या बायकांवर विश्वास होता. मगरीचं त्यांनीच सांगितलं होतं ना? मला वाटलं, आपल्याला मगरी जमतात, हे जमत नाही. घरी जाऊन तो भाग परत लिहून बघितला एकदोनदा. नाही जमला. मग सोडलं." ते हे तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत, स्टोअर्समधला माल संपल्याचं सांगावं तसं बोलले. म्हणून ते जास्त लागलं.

मी हिराबाईकडे बघितलं. "ही घडीवरची हिराबाई," मी म्हणाले. "त्या दिवशी होती. हात का थांबले नाहीत ते तिच्याकडूनच ऐका."

हिराबाईने पदर नीट केला आणि ते एका वाक्यात सांगितलं. साहेबांनी एक वाल उचलला, सोलला, पातेल्यात टाकला.

"मना आख्खी येते ती गोस्ट," हिराबाई म्हणाली. "सांगू?"

"सांग," साहेब म्हणाले.

मी पिशवीतून वही काढली. एकेकाळी मी वाचायची आणि ती ऐकायची. आता ती सांगत होती आणि मी लिहून घेत होते. किनारा, ओसरीवरची माणसं, त्यांच्या विड्यांचा धूर, म्हातारीच्या हातातली जाळं सांधायची सुई. साहेबांनी लिहिलेले शब्द मधे मधे जसेच्या तसे येत होते, मधे मधे तिच्या गावचे. एके ठिकाणी ती अडखळली. पाणी पिऊन झाल्यावर कॅप्टन तांब्या कुठे ठेवतो ते तिला आठवेना. मलाही आठवेना.

"उंबऱ्यावर," साहेब खाली बघूनच म्हणाले. "उपडा घालून. लहानपणी ठेवायचा तसा."

"हां, उपडा," हिराबाई म्हणाली आणि पुढे सांगू लागली. पोरगा गेला. म्हातारीने त्याच्या पाठीकडे बघितलं नाही. जाळ्याची गाठ मारली, दुसरी मारली. गोष्ट संपली. आतून कुकरची शिटी ऐकू आली.

जुन्या सवयीने मी मान वर केली आणि साहेबांच्या हातांकडे बघितलं. परातीतले वाल कधीच संपले होते. पाण्यावर नुसत्या साली तरंगत होत्या, आणि त्यांचे हात चालूच होते.